मुरलेली तबकडी

आमच्या कोइवुलम्पी गावात कुणाचा फोन वाजला आणि पलीकडून "काय रे, डोकं तरी जागेवर आहे का?" असा आवाज आला, की तो माणूस समजतो, साईमीमावशीला आपली तबकडी सापडली. नाव विचारायची गरज पडत नाही. निम्म्या गावानं शाळेत असताना तिच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलंय आणि ताटात बटाटा टाकला म्हणून तिची बोलणीही खाल्लीत. साईमी शाळेच्या स्वयंपाकघरात निवृत्त होईपर्यंत होती. तिथे मुख्याध्यापकसुद्धा ताट चाटूनपुसून परत करायचे.

मी कालेर्वो. तिच्याच इमारतीत, एक मजला खाली राहतो. तिचा नवरा तौनो आणि मी रोज बागेत तबकडी खेळायचो. गावातली लाकडाची गिरणी बंद पडली, तेव्हा तिच्यामागच्या मोकळ्या जागेत नगरपालिकेनं बाग केली आणि बागेत नऊ टोपल्या उभ्या केल्या. लोखंडी खांब, त्यावर लोंबणाऱ्या साखळ्या, खाली टोपली. दुरून तबकडी फेकायची, ती साखळ्यांना आपटून टोपलीत पडली की पुढच्या टोपलीकडे चालायला लागायचं. ज्याला कमी फेकी लागतील तो जिंकला. खेळ एवढाच. तरण्याताठ्या मंडळींचं मैदान टेकडीवर आहे, मोठं, जंगलातून जाणारं. आमच्या बागेतल्या मैदानाला ते बालवाडी म्हणतात. म्हणू देत. बालवाडीत दम लागत नाही आणि घर जवळ पडतं.

तौनो गिरणीत करवतींना धार लावायचा. आयुष्यभर त्या कर्कश आवाजात काढल्यामुळे की काय, त्याला बोलण्याचा भारी कंटाळा. मला तर जन्मापासूनच आहे. त्यामुळे आमचं छान जमायचं.

"वारा आहे," मी म्हणायचो.

"आहे," तो म्हणायचा. तेवढ्यावर तीन टोपल्या निघायच्या.

हिवाळ्यात बर्फात तबकडी बुडते, म्हणून आम्ही तिला लांब रिबीन चिकटवून खेळायचो. दोन म्हातारे शेपटीवाल्या तबकड्या उडवतायत हे बघून साईमी खिडकीतून ओरडायची, "तौनो, कॉफी झालीय! आणि त्या कालेर्वोलाही आण, तो गारठून तिथेच उभा राहील!"

तौनोनं तिला कितीदा तरी म्हटलं असेल, तूही चल म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं. "आयुष्यभर लोकांची ताटं विसळली. आता म्हातारपणी फेकायला लावतोस होय रे?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात प्रत्येक जण तबकडीच्या पोटावर आपलं नाव आणि फोन नंबर लिहितो. हरवलेली तबकडी ज्याला सापडेल त्यानं नंबर बघून फोन करायचा, हा शिरस्ता. तो मोडणाऱ्याशी कुणी धड बोलत नाही. तौनोचा शाईवर विश्वास नव्हता. तो सुईसारख्या कानशीनं नाव कोरून काढायचा. त्याचा फोन मात्र कायम स्वयंपाकघरात खिडकीपाशी पडलेला असे, म्हणून त्याच्या तबकड्यांचे फोन साईमीच घ्यायची. दुसऱ्याची तबकडी न विचारता उचलायची नाही, हाही शिरस्ताच. त्यामुळे इतकी वर्षं शेजारी उभं राहून खेळलो, पण तौनोची तबकडी मी कधी उलटी करून पाहिली नाही.

तौनोच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्यानं एक नवी पिवळी तबकडी आणली. आणि तेव्हापासून त्याचा नेम बिघडला. दुसऱ्या टोपलीच्या वाटेत मधोमध एक जुना पाइन आहे. तौनो एरवी त्याला सहज वळसा घालायचा. पण पिवळी हातात घेतली की ती नेमकी खोडावर. फाट! पुन्हा आणायचा, पुन्हा फाट!

"अरे, झाड चुकव की!" एकदा मी न राहवून म्हणालो.

"कशाला? झाडालाच मारायचीय."

"झाडानं काय घोडं मारलंय तुझं?"

तो पिवळी आणायला झाडाकडे निघाला. म्हातारा चळला, असं मी मनाशी म्हटलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या वेडात नाक खुपसायची आमच्याकडे पद्धत नाही. खरं सांगायचं तर त्या पद्धतीचा मला आता राग येतो.

सप्टेंबरात पाचव्या टोपलीपाशी ती पिवळी गेली. पाचवी टोपली तळ्याच्या पलीकडे आहे. तळं म्हणजे काय, एक मोठं डबकंच, चहासारखं तांबूस पाणी आणि कडेला लव्हाळे. एरवी त्या टोपलीला तौनो पिवळी काढत नसे. त्या दिवशी का काढली कोण जाणे. वाऱ्यानं तबकडी मधेच उचलली, उभी केली आणि डुबकन पाण्यात टाकली.

तौनो किती तरी वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "आत्ता कुठे मुरली होती."

त्या रात्री त्यानं सुपाला हात लावला नाही, हे मला साईमीनं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो बागकामाचं दाताळ घेऊन तळ्यावर जायला लागला. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरेपर्यंत जात होता. साईमी चिडायची, "एका प्लास्टिकच्या ताटलीसाठी एवढं तोंड पाडून बसायचं? दुकानात पन्नास मिळतील!"

"तशी नाही मिळणार," एवढंच तो म्हणायचा.

जानेवारीत इमारतीच्या दारापुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ झाडता झाडता तौनो खाली बसला, तो उठलाच नाही. हृदय थांबलं. तेव्हा झाडू माझ्याही हातात होता, दोन पायऱ्यांवर. त्याबद्दल मला जास्त बोलवत नाही.

बर्फ वितळल्यावर साईमी बागेत दिसली. रबराचे बूट, तौनोचं जुनं जाकीट आणि हातात लांब काठी, टोकाला तारेचा आकडा. ती सरळ पाचव्या टोपलीपाशी गेली आणि लव्हाळ्यांत काठी घालून ढवळायला लागली.

"साईमी, काय शोधतेस?" मी विचारलं.

"त्याची पिवळी. जाताना त्याच्या मनात तीच होती. मी मेली त्याला दुकानात जा म्हणाले." तिनं नाक पुसलं. "सापडल्याशिवाय मला झोप यायची नाही, कालेर्वो. आणि गावभर सांगत सुटू नकोस."

मी आणि गावभर सांगणार! पण मी मान हलवली.

पिवळी सापडली नाही. बाकीच्यांच्या मात्र सापडत गेल्या. निळ्या, हिरव्या, गुलाबी. साईमी त्या घरी नेऊन घासायची, पुसायची आणि एकेकाला फोन लावायची. "तुझी निळी माझ्याकडे आहे. संध्याकाळी ये. आणि फेकताना खांदा कशाला उडवतोस रे?" लोक न्यायला आले की तिच्या स्वयंपाकघरात कॉफी आणि वेलदोड्याचा पाव खाऊन जायचे. खिडकीपाशी तौनोचा फोन चार्जरला लावलेला असायचा. त्याच्याकडे बोट दाखवून कुणी विचारलंच तर ती म्हणायची, "तो? कामाचा आहे."

मग एक दिवस तिच्या डोक्यात आलं, की तबकडी कुठे पडली हे कळायचं तर फेकूनच बघायला हवं. तौनोच्या उरलेल्या तबकड्या घेऊन ती पाचव्या टोपलीसाठी जिथून फेकतात त्या चौथऱ्यावर उभी राहिली. तिची फेक म्हणजे काय सांगावं! तबकडी हातातून सुटायची, डावीकडे मान टाकायची आणि दहा पावलांवर गवतात झोपायची. तळ्यापर्यंत पोहोचायचं नावच नाही. पण साईमी हट्टाला पेटली. रोज यायला लागली. हळूहळू नऊच्या नऊ टोपल्या खेळायला लागली, माझ्याबरोबर, माझ्यापेक्षा दुप्पट फेकींत. पूर्वी तौनो आणि मी एक शब्द बोलत नव्हतो, तो सगळा अनुशेष तिनं एका उन्हाळ्यात भरून काढला.

"मी आजवर एकही तबकडी हरवलेली नाही, माहितीय ना?" ती मिरवायची.

"हरवायला लांब जावी लागते, साईमी."

"तू गप्प होतास तेच बरं होतं."

त्या नऊ टोपल्यांनी तिला हात दिला असं मला वाटतं. मलाही दिलाच. पण पाचवी टोपली आली की ती बोलणं थांबवायची आणि पाण्याकडे बघायची.

असंच दुसरंही वर्ष गेलं आणि तिसऱ्या उन्हाळ्यात नगरपालिकेची पाटी लागली. ऑगस्ट संपायच्या आत तळं बुजवणार. लहान मुलं पडतात, डास होतात, म्हणून तिथे झोपाळे बसवायचे. त्याच आठवड्यात साईमीची मुलगी तुईया शहरातून आली. पोरगी वाईट नाही, पण तिला आईची काळजी करायची म्हणजे काहीतरी बंद करायचं असतं. आधी गॅरेज बंद केलं, मग उन्हाळ्यातलं घर.

"आई, बाबांचा फोन अजून चालू का ठेवलायस? दर वेळी त्याचा दिवा दिसला की मी तोंड फिरवते."

"त्यांची तबकडी सापडली तर माणूस फोन कुठे करील?"

"अडीच वर्षं होत आली, आई!"

साईमी बराच वेळ टेबल पुसत राहिली. पुसायला तिथे काही नव्हतं. "तळं बुजलं की बंद कर," ती शेवटी म्हणाली. "मग वाट बघण्यात काही अर्थ नाही."

मी तिथेच कॉफी पीत बसलो होतो. मला गप्प बसवेना. त्याच संध्याकाळी मी आमच्या तबकडी खेळणाऱ्या मंडळाच्या लोकांना भेटलो आणि आयुष्यात पहिल्यांदा ओळीनं पाचसहा वाक्यं बोललो. तळं बुजायच्या आधी श्रमदान करायचं, तळ उपसायचा, जेवढ्या तबकड्या निघतील तेवढ्या काढायच्या. कारण सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. श्रमदान म्हटल्यावर आमच्याकडे कारण लागत नाही, सूप लागतं.

सूप अर्थात साईमीनं केलं. शनिवारी सकाळी मोठं पातेलं, राय धान्याचा पाव आणि मोहरीच्या चटणीचा डबा घेऊन ती तळ्याकाठी हजर झाली. चाळीसेक माणसं जमली होती. पंपानं पाणी कमरेखाली आणलं, मासेमारीचे लांब बूट घालून लोक आत उतरले आणि दाताळांनी चिखल ओढायला लागले. चिखलातून तबकड्या निघायला लागल्या तशी पोरंच काय, मोठी माणसंही ओरडायला लागली. या काठावर एका टबात साईमी धूत होती, पलीकडच्या काठावर दुसऱ्या टबात यार्को.

हा यार्को वसंतातच गावात राहायला आला होता. लाकडाचा ट्रक चालवतो. दारात मावणार नाही एवढा देह, दाढी छातीपर्यंत, मानेवर अस्वल गोंदलेलं, आणि लाजाळू इतका की दुकानात पिशवी मागायला नको म्हणून दूध काखेत मारून घरी जातो.

साईमीचा हात शाळेतल्यासारखा चालत होता. बुडव, घास, उलट, वाच. प्रत्येक पिवळीपाशी तो थबकायचा. ती पोटावरचं नाव वाचायची आणि तबकडी बाजूला ठेवायची. तौनोचा फोन जाकिटाच्या वरच्या खिशात होता. मधूनमधून ती त्याला चाचपून बघायची. दुपार उलटली. चिखलातून आता बाटल्या आणि एक सायकलचं चाक निघायला लागलं. दाताळवाले एकेक करून वर आले आणि बूट काढायला लागले.

"झालं वाटतं," साईमी मला म्हणाली. तिचा चेहरा बघवत नव्हता. "त्याची नाही निघाली."

तेवढ्यात फोन वाजला. साईमीनं घाईघाईनं वरच्या खिशात हात घातला, तौनोचा फोन काढला, त्याकडे पाहिलं. तो गप्पच होता. वाजत होता तिचा स्वतःचा, ॲप्रनच्या खिशातला. तिनं वैतागून तो ओल्या हातानं कानाला लावला.

"कोण? मी कामात आहे!"

"अं... नमस्कार," पलीकडचा आवाज म्हणाला. तो इतका जवळून येत होता की मलाही ऐकू आला, फोनमधून आणि हवेतूनही. "तुमची एक तबकडी सापडलीय."

"माझी? मी आजवर एकही तबकडी हरवलेली नाही. नंबर नीट बघ."

"नीट बघूनच लावलाय हो. आधी नाव आहे. साईमी."

मी मान वर केली. तळ्याच्या पलीकडे यार्को आमच्याकडे पाठ करून उभा होता, एका हातात फोन, दुसऱ्या हातात चिखलानं माखलेली पिवळी तबकडी. वीस पावलांवर साईमी उभी आहे, गाव तिला नावानं ओळखतं, एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण चाळीस माणसांत मोठ्यानं हाक मारायची म्हणजे यार्कोला फाशी. त्यानं शिरस्त्याप्रमाणे नंबर लावला होता.

"बाळा, मागे वळ," साईमी फोनमध्ये म्हणाली.

तो वळला. दोघं तळ्याच्या दोन काठांवर फोन कानाला लावून एकमेकांकडे बघत राहिले.

"कशानं लिहिलंय?" तिनं विचारलं.

"लिहिलेलं नाही, मावशी. कोरलेलं आहे."

साईमी पातेल्याशेजारच्या बाकावर बसली. यार्को तळ्याला वळसा घालून आला आणि त्यानं तबकडी तिच्या मांडीवर ठेवली. तिनं अंगठ्यानं चिखल पुसला. सुबक, करवतीच्या दातांसारखी सरळ अक्षरं. SAIMI. खाली तिचा नंबर.

"माझं नाव कशाला घातलं त्यानं?" तिनं माझ्याकडे पाहिलं. "कालेर्वो, ही तर त्याची होती ना?"

आणि मला तेव्हा, त्या क्षणी कळलं. इतका मूर्ख मी.

"त्याची नव्हती," मी म्हणालो. "नवी तबकडी कडक असते, साईमी. जोर नसलेल्या हातातून सुटली की मान टाकते, तुझ्या टाकतात तशी. खूप आपटून आपटून कडा झिजल्या, अंगानं मऊ पडली, की मग हलक्या हातालाही सरळ जाते. मुरते. लोणच्यासारखी. तो सबंध उन्हाळा ही दुसऱ्या टोपलीच्या वाटेवरच्या पाइनवर आपटत होता. मी त्याला वेड्यात काढलं. तो तुझ्यासाठी मुरवत होता. त्या दिवशी मुरली का बघायला पाण्यावरून फेकली असणार."

इतकं एका दमात मी कधी बोललो नव्हतो. तुईया आईच्या मागे येऊन उभी होती. तिनं तोंडावर हात धरला होता.

साईमी तबकडीच्या कडा बोटांनी चाचपत होती. सगळीकडे चरे, पाइनच्या सालीचे. मग तिनं वरच्या खिशातला तौनोचा फोन काढला, स्वतःच्या हातानं बंद केला आणि तुईयाच्या हातात दिला. "घे. याचं काम झालं." मग यार्कोला म्हणाली, "आणि तू रे, सूप प्यायलास का? दोन वाट्या घे, ताटात टाकायचं नाही." आणि उठून चालायला लागली.

ती दुसऱ्या टोपलीच्या चौथऱ्याकडे निघाली होती. आम्ही सगळे तिच्यामागे, हातात सुपाच्या वाट्या, पायांना चिखल. चौथऱ्यावर ती उभी राहिली. समोर तो पाइन, खोडावर माणसाच्या छातीच्या उंचीला साल उडालेली. ती साल कुणी उडवली हे आता सगळ्यांनाच माहीत होतं.

साईमीनं फेकली. तीच तिची गरीब फेक, खांदा उडालेला, कोपर खाली. पण पिवळीनं मान टाकली नाही. ती तरंगत, सरळ, सावकाश गेली, पाइनच्या खोडाला हातभर अंतरावरून चुकवून पलीकडे उन्हात, आणि टोपलीच्या बरीच अलीकडे गवतात अलगद बसली. पण साईमीची फेक इतकी लांब कधीच गेली नव्हती.

मला रडू आवरेना. मी आवरलंही नाही.

साईमी अजून पाइनकडेच बघत होती.

"चुकवलं बघ, तौनो," ती म्हणाली. "झाड चुकवलं."

मग ती तबकडी आणायला एकटीच चालत गेली, आणि आम्ही तिची पुढची फेक होईपर्यंत थांबलो.